अप्पांच्या घरी गेलीस तर झोप

अप्पांना रोज मारायचं आणि रोज जिवंत करायचं, ह्याचा ताईला पगार मिळत होता.

अप्पा म्हणजे खरा माणूस नव्हे. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक खोटा कॉम्प्युटर चालवलेला होता आणि अप्पा हे त्याचे खोटे मालक. एखाद्या गिऱ्हाइकाला एखाद्या फाइलचा संशय आला की ती फाइल ह्या लॅबकडे यायची. ताई ती अप्पांच्या घरात सोडायची आणि बाहेरून बघत बसायची. फाइल सज्जन असली तर काही व्हायचं नाही. खंडणीवाली असली तर ती अप्पांच्या कागदपत्रांना, फोटोंना, दिसेल त्याला कुलूप घालायची आणि पडद्यावर निरोप ठेवायची, की किल्ली हवी असेल तर पैसे टाका. मग ताई एक बटण दाबायची आणि अप्पांचं घर सकाळी होतं तसं पुन्हा उभं राहायचं. बाहेरच्या जगाशी त्या घराची एकही तार जोडलेली नव्हती, त्यामुळे कितीही आग लागली तरी शेजाऱ्याला झळ नाही.

पण ओसाड घरात दरोडा पडत नाही. हे दरोडेखोरांना कळतं, तसं त्यांनी लिहिलेल्या फायलींनाही कळतं. घर कोरं करकरीत दिसलं की हुशार फाइल ओळखते, हा सापळा आहे. मग ती गरीब गाईसारखी पडून राहते. म्हणून अप्पांचं घर नांदतं दिसायला हवं होतं, आणि ते नांदतं केलं होतं ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने, एका रविवारी, ताईच्या जेवणाच्या टेबलावर बसून.

खरं तर ऑफिसचं काम घरी आणायचं नसतं आणि भावाला तर मुळीच दाखवायचं नसतं. पण ताईला खोटं लिहायला जमत नव्हतं आणि धाकटा त्यात जन्मजात पारंगत. त्याने चुटकीसरशी अप्पा उभे केले. पाइप विकणाऱ्या कंपनीतले कारकून, निवृत्तीला टेकलेले, अंगाने सुटलेले. अप्पांनी वजन कमी करायचा तक्ता बनवला होता, त्याचं नाव ‘शेवटचा प्रयत्न’. त्याच्या शेजारी ‘शेवटचा प्रयत्न – नवीन’ आणि त्याच्याही शेजारी ‘शेवटचा प्रयत्न – हा खरा’. अप्पांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं, ‘माझी वाटचाल’. ती वाटचाल पहिल्या पानावरच दमली होती. शेजाऱ्यांच्या मांजराचे फोटो होते, सगळ्यांत नुसती शेपटी, कारण मांजर थांबायला तयार नव्हतं.

तेवढ्यात आतून आईचा आवाज सुरू झाला. राजा, जेवल्यावर हात धुतलेस का, टेबलावरचा पसारा कोण काढणार, मी मेल्यावर तुम्हाला कळेल. आई धाकट्याला राजा म्हणते आणि ताईला ‘अगं’. धाकट्याने गुपचूप फोनवर ते सगळं रेकॉर्ड केलं, ‘आईचा तोफखाना’ असं नाव दिलं आणि अप्पांच्या गाण्यांमध्ये नेऊन ठेवलं. “अप्पांनाही आई नको का?” तो म्हणाला. दोघं पोट दुखेपर्यंत हसली. संध्याकाळी तो गेल्यावर मात्र ताईला वाटलं, आपल्या आईचा आवाज ऑफिसातल्या लोकांनी कशाला ऐकायचा? तिने तेवढी फाइल पुसून टाकली आणि मग अप्पांना ऑफिसात नेलं. धाकट्याला सांगितलं नाही. एवढ्या हौसेने केलेलं त्याचं, कशाला हिरमोड करायचा?

त्यानंतर अप्पा इमानेइतबारे मरत राहिले.

मागच्या महिन्यात किडनीच्या रुग्णांच्या एका केंद्राने तपासायला एक फाइल पाठवली. डायलिसिसच्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांचं दरपत्रक होतं म्हणे. केंद्राची माणसं सरळमार्गी. अनोळखी काही आलं की उघडण्याआधी विचारायची. ताईने ती फाइल अप्पांच्या घरात सोडली, लॅबच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या वेळेपर्यंत वाट पाहिली. फाइल ढिम्म. ताईने रिपोर्टवर लिहिलं, ‘शंकास्पद वर्तन आढळले नाही’, आणि खाली सही केली. तिच्या सहीवर विसंबून त्यांनी ती उघडली, आणि ह्या सोमवारी केंद्रातले सगळे कॉम्प्युटर एकाच वेळी कुलूपबंद झाले.

लॅबच्या प्रमुखांना सगळे हेडमास्तर म्हणत, कारण ते प्रत्येक रिपोर्ट छापून घेऊन लाल पेनाने तपासत. ते ताईच्या टेबलापाशी आले तेव्हा हातात तोच रिपोर्ट होता आणि ताईच्या सहीभोवती लाल गोल.

“पुन्हा सोड,” ते म्हणाले. “माझ्यासमोर.”

ताईने फाइल पुन्हा अप्पांच्या घरात सोडली. काही नाही. फाइल आली, इकडेतिकडे पाहिलं आणि गप्प बसली. मग ताईने दुसरा एक खोटा कॉम्प्युटर घेतला, ज्यात अप्पाबिप्पा कुणी नव्हते, कुठून तरी उचललेली चार कागदपत्रं होती. तिथे फाइल सोडली मात्र, आणि बघता बघता एकेका कागदाचं नाव बदलायला लागलं, फोटो उघडेनासे झाले, पडदा काळा झाला आणि त्यावर खंडणीची मागणी आली.

हेडमास्तर म्हणाले, “हिला अप्पा माहीत आहेत.”

पलीकडच्या टेबलावर चष्म्या बसायचा. ताईच्या बरोबरीचा, अबोल, जाड भिंगांचा, डबा एकट्याने खाणारा. अप्पांच्या घराच्या चाव्या लॅबमध्ये दोघांकडेच होत्या, ताईकडे आणि चष्म्याकडे. त्यातून चष्म्याने मध्यंतरी बायकोच्या आजारपणात काही दिवस घरून काम केलं होतं. हेडमास्तरांनी दोन अधिक दोन केले. दुपार व्हायच्या आत चष्म्याचं ओळखपत्र काढून घेतलं आणि त्याला घरी बसायला सांगितलं.

“माझ्याकडून काही गेलेलं नाही,” चष्म्या म्हणाला. तो जाताना ताईकडे बघून म्हणाला, “तू तरी सांग ना.” ताई काय सांगणार? तिलाही तेव्हा वाटलंच होतं, की असेल बाबा, माणसाचं काय सांगावं. तिच्या मनात आलं ते खोटं कशाला बोला, आपली मान सुटली ह्याचं तिला बरं वाटलं होतं.

मग ती फाइलच्या आत शिरली. हे तिचं खरं काम. फाइल चालवायची, मध्येच थांबवायची, एक पाऊल पुढे सरकवायची, पुन्हा थांबवायची, आणि प्रत्येक पावलाला ती काय विचारते ते बघायचं. एका ठिकाणी फाइल कॉम्प्युटरला विचारत होती, की ह्या तीन नावांपैकी एखादं तुझ्याकडे आहे का? असलं तर झोपायचं, नसलं तर कामाला लागायचं. नावं मुद्दाम अक्षरांची खिचडी करून लपवलेली होती. ताई ती एकेक सोडवत गेली आणि हेडमास्तर मागे उभं राहून बघत राहिले.

पहिलं नाव सुटलं. ‘शेवटचा प्रयत्न – हा खरा’.

“बघ!” हेडमास्तर म्हणाले. “कुंपणानेच शेत खाल्लंय.”

दुसरं सुटलं. ‘माझी वाटचाल’. एवढ्यात केंद्रातून फोन आला म्हणून हेडमास्तर आपल्या खोलीत गेले. तिसरं नाव ताईने एकटीने सोडवलं.

‘आईचा तोफखाना’.

ताईने पुन्हा सोडवून पाहिलं, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं निघणार होतं. ही फाइल अप्पांच्या घरात नव्हतीच. ती ह्या इमारतीत कधी आलीच नव्हती. चष्म्याने ती पाहिलेली नव्हती, हेडमास्तरांनी नव्हती, अप्पांच्या घरात मुक्काम करून गेलेल्या कुठल्याही चोराने नव्हती. ती त्या रविवारी दुपारी जन्मली आणि त्याच संध्याकाळी मेली. ती अजून तिथे आहे असं समजणारा माणूस जगात एकच होता.

ताईने पर्स उचलली आणि कुणाला न सांगता बाहेर पडली.

धाकट्याच्या घरात भर दुपारी पडदे ओढलेले होते. टेबलावर ओळीने स्क्रीन, समोर राजाला शोभेल अशी नवी खुर्ची, खिडकीत पाण्यावाचून वाळलेलं एक रोप. नोकरी गेल्यापासून तो ‘घरूनच काहीतरी करतो’ असं आई अभिमानाने सांगायची, आणि काय करतो हे विचारायचं नाही असं घरात न बोलता ठरलेलं होतं.

“ताई! ह्या वेळी? जेवलीस का?”

“तोफखाना,” ताई म्हणाली.

तो हसला. “कसली आठवण काढलीस!” मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हसू अर्ध्यात राहिलं.

“कुणाला दिलंस?”

“बस तरी.”

“कुणाला दिलंस ते सांग.”

तो खुर्चीत बसला आणि उगाच तिचा दांडा वरखाली करत राहिला. “मी कुणाचं काही कुलूपबंद केलेलं नाही ताई. आईशप्पथ. त्यांना एवढंच हवं होतं की फाइलला तपासणारी लॅब ओळखता यावी. मी म्हटलं, एक माझ्या ओळखीची आहे. अप्पांच्या घरी गेलीस तर झोप. एवढंच लिहून दिलं. बाकी सगळं त्यांचं.”

“ते म्हणजे कोण?”

“तिथे नावं नसतात गं.”

“आणि किल्ली?”

“ती त्यांच्याकडे. माझा काय संबंध?” मग त्याचा आवाज मऊ झाला. लहानपणी काही फुटलं की व्हायचा तसा. “आणि खरं सांगू? मी तुझाच विचार केला. म्हटलं, तुझं मशीन जळायला नको.”

“अरे, माझं मशीन जळण्यासाठीच ठेवलंय!” ताई ओरडली. “रोज जळतं ते! ते जळलं म्हणजे बाकीचे वाचतात! एवढंही कळत नाही तुला?”

कळत होतं. त्याच्या डोळ्यांत तिला ते दिसलं. न कळायला तो काही बाळ नव्हता. ताईचं मशीन वाचवायला नव्हे, ताईची सही मिळवायला त्याने ते लिहिलं होतं, आणि ती सही त्याने कुणा अनोळखी माणसांना विकली होती.

“तिथे डायलिसिसचे पेशंट आहेत,” ती म्हणाली.

“मला काय माहीत ते कुठे पाठवणार होते? त्यांना सांग, पैसे भरा. भरले की किल्ली मिळते. फसवत नाहीत ते.”

“आणि माझ्या जागी चष्म्याला घरी बसवलंय, त्याचं काय?”

“त्याला मिळेल की दुसरीकडे.” धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गयावया नव्हती. बाहेर ऊन आहे असं सांगावं तितक्या सहज तो म्हणाला, “तू लिहिणार नाहीस ताई. मला माहीत आहे.”

त्याला माहीत होतंच. शेजाऱ्यांची काच फोडली तेव्हा ‘मीच फोडली’ म्हणायला ताई. कॉलेजच्या निकालात हात घातला तेव्हा प्रिन्सिपॉलसमोर हात जोडायला ताई. नोकरीवरून हाकलला तेव्हा ‘त्यानेच सोडली’ असं आईला सांगायला ताई. पांघरूण घालून घालून तिने त्याला उघड्यावर कधी थंडी वाजते हे कळूच दिलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तरी बोंब कुणाकडे मारायची? ताई भराभर जिना उतरली, आणि ते रागाने की रडू येत होतं म्हणून हे तिलाही सांगता आलं नसतं.

ऑफिसात आली तर टेबलावरचा फोन वाजत होता. केंद्रातली नर्स होती.

“तुम्हीच ना त्या, रिपोर्टवर सही आहे त्या? किल्लीचं काही होतंय का हो?” तिचा आवाज बसलेला होता. “प्रत्येक पेशंटच्या अंगातून किती पाणी काढायचं ते त्याच्या वजनावरून ठरतं. ते सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये अडकलेत. आता आम्ही पेशंटलाच विचारतोय, तुमचं ठरवून दिलेलं वजन किती होतं म्हणून. एका आजोबांनी सांगितलं ते फार जुनं निघालं. आम्ही जास्त पाणी काढलं. ते खुर्चीतच कोसळले. आता वर अतिदक्षता विभागात आहेत.” ती थांबली. “मीच विचारलं होतं त्यांना. दोनदा विचारलं होतं हो.”

“आम्ही बघतोय,” ताई म्हणाली. बघण्यासारखं काहीही नव्हतं.

ती रिपोर्ट लिहायला बसली. पहिली दोन नावं लिहिली आणि थांबली. इथेच थांबलं तरी चालणार होतं. दोन नावं पुरेशी होती; रिपोर्ट पुरा दिसला असता, हेडमास्तरांनी खाली बरोबरची खूण केली असती. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. घरी गेल्यावर आईने विचारलं असतं, ‘अगं, राजाचा फोन आला होता का?’, आणि ती हो म्हणाली असती. फक्त चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, आणि संन्यासी तर काय, डबासुद्धा एकटा खातो. त्याच्यासाठी भांडायला कोण येणार होतं?

आणि धाकटा तिथे राजासारखा खुर्चीत बसून राहिला असता. तू लिहिणार नाहीस ताई.

तिने लिहिलं. ‘तिसरी फाइल ह्या लॅबमध्ये कधीही नव्हती. ती माझ्या घरी माझ्या भावाने तयार केली आणि त्याच दिवशी मी पुसली. नियम मोडून लॅबचं काम मी त्याला दाखवलं होतं. तिच्याविषयी आम्हा दोघांखेरीज कुणालाही माहिती असणे शक्य नाही.’

हेडमास्तरांनी ते वाचलं. लाल पेनाचं टोपण लावलं. “तुला कळतंय ना, काय लिहिलंयस ते?”

“शुद्धलेखन बघा,” ताई म्हणाली. “बाकीचं राहू द्या.”

पोलिसांनी धाकट्याला चौकशीला नेलं तेव्हा तो एकच वाक्य म्हणाला म्हणे, ‘माझ्या ताईला फोन करू द्या.’ ताईला हे सांगणाऱ्याला वाटलं, तिला त्यात समाधान वाटेल.

केंद्राला किल्ली मिळाली नाही. त्यांनी सगळं कागदावरून पुन्हा उभं केलं. ते आजोबा घरी गेले, पण पूर्वीसारखे चालत नव्हे. चष्म्या परत आला. त्याने ताईचे आभार मानले नाहीत, आणि का मानावेत? तो आला, टेबल पुसलं, डबा खणात ठेवला आणि तिच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची वळवून घेतली. ताईची नोकरी राहिली, पण तिच्या सहीखाली आता चष्म्याची सही लागते.

आईला सांगायचं काम उरलं होतं, ते तिनेच केलं.

आई आधी ओरडलीच नाही. स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एकच भाऊ होता तुला.”

“आई, तिथले पेशंट…”

“ते तुझे कोण लागतात? राजा चुकला असेल. मी नाही म्हणत नाही. तू घालायचं होतंस ना पांघरूण!”

“किती घालू आई? माझ्या अंगावर काही उरलंच नाही.”

“तुझी जीभ कशी वळली गं? हात कसा चालला?” आता आईचा आवाज चढला, आणि ताईला क्षणभर बरं वाटलं; ओरडेल, मन मोकळं करेल, रडेल. पण तिचा आवाज एकदम खाली आला, अगदी शांतपणे ती म्हणाली, “ह्यापेक्षा मला मूलच नसतं तर बरं झालं असतं. एकही नसतं.”

त्यानंतर तोफखाना बंद पडला. आई उठते, स्वयंपाक करते, ताईचं ताट वाढून झाकून ठेवते आणि आपल्या खोलीत जाते. पसाऱ्यावरून बोलत नाही, उशिरावरून बोलत नाही, मी मेल्यावर कळेल असंसुद्धा म्हणत नाही. ताईने मुद्दाम एकदा ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. आईने तो उचलून वाळत घातला. घरात इतकी शांतता कधीच नव्हती, आणि त्या शांततेत ताईला ते रेकॉर्डिंग ऐकावंसं वाटतं. तिच्याकडे ते नाही; तिने ते स्वतःच्या हाताने पुसलं. धाकट्याच्या फोनवर ते असेल. तो फोन पुरावा म्हणून सील करून कुठल्यातरी खोलीत ठेवलाय.

अप्पांना आता काढावंच लागणार होतं. जगजाहीर झालेला सापळा काय कामाचा? ताईने त्यांना शेवटचं मारलं आणि ह्या वेळी परत आणायचं बटण दाबलं नाही. मांजराची शेपटी गेली, शेवटचे तिन्ही प्रयत्न गेले, पहिल्या पानावर अडलेली वाटचाल गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नसलेल्या माणसासाठी रडतेय, असं कुणी म्हणालं असतं तर तिने ते मान्य केलं असतं.

मग तिने नवा मालक करायला घेतला. ह्या वेळी ऑफिसातच, दार लावून, एकटीने. लिहिता लिहिता मालकाची मालकीण झाली. एक म्हातारी बाई, शिवणाच्या क्लासची निवृत्त बाई, जिला सगळ्यांच्या वागण्यात खोट दिसते. वरच्या मजल्यावरच्यांच्या खुर्च्या सरकवण्याबद्दल तक्रारी, दूध नासकं निघाल्याबद्दल तक्रारी, जिन्यातल्या दिव्याबद्दल तक्रारी. आपल्याला खोटं लिहायला जमत नाही असं ताईला उगाच वाटायचं. भराभर जमत होतं.

चष्म्याला खाली सही करायची होती म्हणून तो येऊन बघून गेला. त्या प्रकरणानंतर तो तिच्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलला.

“बाई चांगली झालीय,” तो म्हणाला. “घर खरं वाटतंय. पण मुलांचे फोटो कुठे दिसत नाहीत. थोडे टाक, कुणालाही संशय येणार नाही.”

“हिला मूल नाही,” ताई म्हणाली. “एकही नाही.”